अस्वलाकडे पाठ केलेली पाटी

मित्रांनो, तुम्ही मला नक्की वाचलं असेल, पण मी कोण हे तुम्हांला आठवणार नाही. त्यात तुमची चूक नाही. पाटी वाचून झाली की माणूस पुढच्या वस्तूकडे पाहतो. मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. प्राणिसंग्रहालयात अस्वलाच्या पिंजऱ्यापुढे मी सव्वीस वर्षं उभी होते. आता थोड्या वेगळ्या जागी उभी आहे, पण ती गोष्ट शेवटी येईल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मोठ्या पत्र्यातून मला कापलं, कडा ठोकून बोथट केल्या, चार कोपऱ्यांत चार भोकं पाडली आणि दोन लोखंडी पायांवर बोल्टांनी घट्ट बसवलं. मग प्राणिसंग्रहालयातल्या आमच्या रंगाऱ्याने मला पिवळा रंग दिला. रंगारी तेव्हा तरुण होता आणि स्वतःच्या अक्षरावर फार खूश होता. एकेक अक्षर लिहून तो चार पावलं मागे जाई, मान वाकडी करून बघे आणि स्वतःलाच म्हणे, "वा, काय वळण आहे!" त्याने माझ्यावर काळ्या रंगात लिहिलं:

अस्वल. हिंस्र प्राणी. आयुर्मान पंचवीस वर्षे. दूर उभे राहावे.

मला फार अभिमान वाटला. कोणालाही वाटला असता. जन्मल्या दिवशीच आपल्याला चार वाक्यं बोलता येतात, ही काय लहान गोष्ट आहे? त्या चार वाक्यांपलीकडे मला एक शब्दही बोलता येणार नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. पाटीचं असं असतं. तिच्यावर जे लिहिलं जातं तेवढंच ती बोलते, आणि ते तिने लिहिलेलं नसतं.

दुसरी अडचण मला उभं केल्यावर कळली. माझं तोंड लोकांकडे होतं. म्हणजे माझी पाठ अस्वलाकडे होती.

पाटी तोंडाने बघते, मित्रांनो. पाठीने तिला फक्त ऐकू येतं. त्यामुळे ज्या प्राण्याविषयी मी दिवसभर हजारो लोकांना सांगत असे, तो प्राणी मी पाहिलाच नव्हता. ते अस्वल मादी होतं. गावोगाव फिरणाऱ्या एका खेळाच्या कंपनीने गाशा गुंडाळला, तेव्हा ती पिल्लू असतानाच इथे आली. तिचं नाव आक्का. नाव ठेवलं तिच्या राखणदाराने, ज्याला सगळे मामा म्हणत.

आक्का मला पावलांवरून ठाऊक होती. पिंजऱ्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सोळा पावलं. मग नखांचा खर्रकन आवाज, म्हणजे ती वळली. पुन्हा सोळा. मी मोजत असे. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मामा हा बुटका, जाड मिशांचा आणि सतत पुटपुटणारा माणूस होता. त्याच्या हातात एक जुनी लोखंडी बादली असे. तिच्यात उकडलेले बटाटे, गाजरं, कलिंगडाच्या फोडी, कधी थोडा मध. पहिल्या वर्षी एकदा तो काही न बोलता पिंजऱ्यात शिरला. आक्काचा डावा डोळा लहानपणीच अधू झाला होता, आणि मामा नेमका डावीकडून गेला. ती दचकली आणि तिचा पंजा त्याच्या खांद्यावर बसला. सात टाके पडले.

दुसरा कोणी असता तर त्याने आरडाओरडा केला असता. टाके निघाल्यावर मामा कामावर आला आणि पिंजऱ्यापाशी जाऊन म्हणाला, "चुकलंच माझं, आक्का. दुसऱ्याच्या घरात जाताना दार वाजवायचं असतं. मला आईने शिकवलं होतं, मी विसरलो."

तेव्हापासून आत जाण्याआधी तो बादली माझ्या लोखंडी पायावर वाजवू लागला. दोनदा, मग थोडं थांबून एकदा. ठण्ण, ठण्ण... ठण्ण. माझ्या अंगभर झिणझिण्या येत. मागे सोळातलं एखादं पाऊल अर्ध्यावर थांबे आणि आक्का दाराशी येऊन बसे. माझ्या सगळ्या आयुष्यात माझा खरा उपयोग झाला असेल तर तो एवढाच.

आता माझ्यावर लिहिलेल्या चार वाक्यांचं पुढे काय झालं ते सांगते. 'हिंस्र प्राणी' वाचून लोक दूर राहतील अशी साहेबांची कल्पना होती. साहेब म्हणजे प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक. झालं उलटंच. लोक वाचत आणि मग हिंस्रपणा बघायला आणखी पुढे येत. आक्का झोपलेली दिसली की चिडत. "ऊठ की! हिंस्र म्हणे. आमचा बॉस हिच्यापेक्षा हिंस्र आहे!" असं म्हणून शेंगा फेकत, बिस्किटं फेकत.

मग रंगाऱ्याने मला पांढरा रंग दिला आणि लिहिलं, 'प्राण्यांना खाऊ देऊ नये'. हे वाक्य मी अगदी मनापासून बोलत असे. एक गृहस्थ माझ्यापुढे उभे राहून ते मोठ्याने वाचत. "प्राण्यांना... खाऊ... देऊ नये." मग बायकोला म्हणत, "बरोबर आहे. लोकांना अक्कल नसते." आणि हातातला बिस्किटांचा पुडा तसाच आत भिरकावत. दर रविवारी येत. पुडा कागदासकट.

एके दिवशी आक्काने बिस्किटांबरोबर एक प्लास्टिकची पिशवी गिळली. पंधरा दिवस ती जेवली नाही. तिच्या पोटातून येणारा आवाज मी पाठीने ऐकत होते आणि तोंडाने 'प्राण्यांना खाऊ देऊ नये' म्हणत होते. माझ्या आयुष्यात इतकं खरं आणि इतकं निरुपयोगी मी कधीच बोलले नव्हते.

ती वाचली. पण मामाने धडा घेतला. पाटी लोकांना शहाणं करू शकत नाही, तेव्हा आपणच अस्वलाला शहाणं करू, असं त्याने ठरवलं. वर्षभर तो रोज दुपारी आक्कापाशी बसे. बादली वाजवून दिलेलं खाल्लं की शाबासकी. न वाजवता पुढे आलेलं काही तोंडात घेतलं की, "अं हं. टाक ते. वाजलं का? नाही ना? मग ते आपलं नाही." शेवटी आक्का इतकी पक्की झाली की लोकांनी केक फेकला तरी ती हुंगून तोंड फिरवी. 'ठण्ण, ठण्ण... ठण्ण' झाल्याशिवाय ती मधालासुद्धा शिवत नसे.

आणि हे सगळं मामा लिहून ठेवत असे. कुठे, सांगू? माझ्या पाठीवर.

त्याचे हात कायम ओले असत, त्यामुळे वही टिकत नसे. ऑफिसातल्या नोंदवहीत लिहायला गेला तर कारकून म्हणे, "मामा, इथे फक्त वजन लिहायचं. तिचा स्वभाव लिहायला रकाना नाही." म्हणून मामाने एक वाकडा खिळा घेतला आणि माझ्या न रंगवलेल्या पाठीवर ओरखडून लिहायला सुरुवात केली. सुट्टी तो फार क्वचित घेई, पण घेतलीच तर बदलीच्या हंगामी माणसाला सांगून जाई, "सगळं पाटीमागे आहे. वाच आणि तसं कर." वरून खाली, सव्वीस वर्षं, त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात. मला ते दिसत नव्हतं, पण एकेक अक्षर टोचून लिहिलं जात होतं, म्हणून पाठ आहे.

डावा डोळा नाही. उजवीकडून जा.

आंघोळीला ओरडते. ते नाटक आहे. पाणी चालू ठेवा.

कलिंगडाची साल काढून द्या. नाहीतर दिवसभर चघळते आणि दाढ दुखली की आपल्यावर रागावते.

आज तिने माझी टोपी फाडली. चूक टोपीची होती.

बघा, मित्रांनो. माझ्या तोंडावर होतं ते हजारो लोक वाचत होते. माझ्या पाठीवर होतं ते खरं होतं.

आक्का सव्वीस वर्षांची झाली. साहेबांना जुना मजकूर पुन्हा हवा होता, म्हणून रंगाऱ्याने 'आयुर्मान पंचवीस वर्षे' हे वाक्य परत लिहिलं होतं. त्यामुळे एक मोठीच गंमत झाली. एक बाबा आपल्या मुलीला म्हणाले, "मी लहानपणी आलो होतो तेव्हाही इथे अस्वल होतं. पण ते गेलं असणार. हे दुसरं."

"कशावरून, बाबा?"

"पाटीवर पंचवीस लिहिलंय. हिशेब कर."

मागे आक्का जोरात शिंकली. पण लिहिलेल्यापुढे शिंकेचं काय चालणार? मी जिवंत अस्वलाला मेलेलं ठरवत होते, आणि माझा नाइलाज होता.

त्याच सुमारास वाद सुरू झाला.

एका निवृत्त शिक्षिकेने तो सुरू केला. सगळे त्यांना बाई म्हणत. बाई खरोखर मायाळू होत्या. पहिल्या दिवशी त्या माझ्यापाशी उभ्या राहिल्या, आक्काची सोळा पावलं त्यांनी मोजली आणि डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवशी त्या वीस माणसं घेऊन आल्या आणि घोषणा झाल्या, "पिंजरे तोडा! प्राणी सोडा!"

साहेबही वाईट नव्हते. रोज सकाळी ते पिंजऱ्यापाशी येत आणि "काय, बरं आहे ना?" असं विचारून उत्तराची वाट न पाहता जात. घोषणा ऐकून ते बाहेर आले. "बाई, हिला सोडायचं कुठे? सव्वीस वर्षं तिने जंगल पाहिलेलं नाही. तिथे तिला जेवण कोण देणार?"

"स्वातंत्र्य देईल!" बाई म्हणाल्या.

"स्वातंत्र्यात बटाटे नसतात, बाई."

"आणि तुमच्या बटाट्यांत स्वातंत्र्य नाही!"

टाळ्या पडल्या. मला दोघांचंही पटलं. हीच माझी पंचाईत होती. बाई म्हणत होत्या ते खरं होतं, कारण ती सोळा पावलं मी सव्वीस वर्षं ऐकली होती. साहेब म्हणत होते तेही खरं होतं. दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये मी पत्र्यासारखी उभी होते. अर्थात, मी पत्राच होते.

त्या दिवशी बाईंच्या माणसांनी माझ्यावर एक मोठा कागद चिकटवला: 'मला मोकळं करा.' दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याच्याच खाली दुसरा लावला: 'मी इथे सुखी आहे.'

विचार करा. एकाच पत्र्यावर दोन 'मी', आणि त्यातली एकही मी नव्हते. जिच्या नावाने हे दोन्ही लिहिलं होतं ती आक्का मागे घोरत होती. लोक येत, वरचं वाचून हळहळत, खालचं वाचून समाधान मानत आणि आइस्क्रीम खायला जात.

आठवडाभर पिंजऱ्यापुढे सभा भरल्या. आक्का का फिरते यावर एक पूर्ण दुपार गेली. एक बाजू म्हणाली, दुःखाने फिरते. दुसरी म्हणाली, व्यायाम करते. एका गृहस्थांनी तर ती विचार करते असं सांगितलं. मामा कोपऱ्यात झाडू घेऊन उभा होता. त्याला कोणी विचारलं नाही. शेवटी तो आपणहूनच म्हणाला, "जेवायची वेळ झाली की जास्त फिरते. तुमच्या भाषणामुळे आज अर्धा तास उशीर झालाय."

"मध्ये बोलू नका," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हांला नंतर संधी देऊ."

ती संधी आली नाही. पण तडजोड झाली. संग्रहालयाच्या मागच्या बाजूला एक मोठं मोकळं आवार बांधायचं ठरलं. गवत, झाडं, खडक, पाण्याचं डबकं. गज नाहीत, भोवती खोल खंदक, आणि मागे अन्नघर. बाई म्हणाल्या, आम्ही जिंकलो. साहेब म्हणाले, आमची योजना जुनीच होती. मामाने खिळा काढला आणि माझ्या पाठीवर अगदी तळाशी, जेवढी जागा उरली होती तेवढ्यात, हळूहळू कोरलं:

नवीन जागी नेल्यावर आधी बादली वाजवा. दोनदा, थांबून एकदा. न वाजवता खात नाही. मीच शिकवलंय.

हलवण्याचा दिवस आला. आक्काला पेटाऱ्यात घातलं होतं आणि मामा पेटाऱ्याला हात लावून चालत होता. दोन्ही बाजूंची माणसं, दोन्ही बाजूंचे कॅमेरे, सगळे एकमेकांना ढकलत होते. धुतलेल्या फरशीवर मामाचा पाय सरकला. तो पडला आणि उठलाच नाही. कंबरेचं हाड मोडलं होतं.

त्याला झोळीत घालून नेताना त्याने माझ्याकडे बोट केलं आणि ओरडला, "पाटीमागे बघा! अहो, पाटीमागे बघा कोणीतरी!"

मी ते स्वच्छ ऐकलं. पण त्याच क्षणी एका बाजूने "आक्का मुक्त झाली!" आणि दुसऱ्या बाजूने "प्राणिसंग्रहालयाचा विजय असो!" सुरू झालं. त्या गदारोळात फक्त एका पाटीने त्याचं ऐकलं, आणि पाटीला पुढे सांगता येत नाही. संध्याकाळी त्याची लेक आली आणि त्याला आपल्या गावी घेऊन गेली.

माझे पाय आणि मी वेगवेगळे झालो. कामगारांनी बोल्ट काढले. "चांगला पत्रा आहे, राहू दे," असं म्हणून त्यांनी मला नव्या आवारात नेलं आणि अन्नघराच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलं. तोंड बाहेर, पाठ भिंतीला.

आणि मित्रांनो, समोरच्या जाळीतून मला आक्का दिसली.

सव्वीस वर्षांनी. ती माझ्या कल्पनेपेक्षा बरीच लहान होती. केस काळे नव्हते, राखाडी तपकिरी होते. छातीवर अर्धवर्तुळासारखा पांढुरका पट्टा होता आणि कान एखाद्या जुन्या चादरीच्या टोकांसारखे चुरगळलेले. हिंस्र? मला हसू आलं असतं, पण पाटीला हसताही येत नाही.

तिच्यापुढे एवढं मोठं आवार पसरलं होतं. हिरवं गवत, झाडं, पाणी. ती सोळा पावलं चालली आणि वळली. मध्ये भिंत नव्हती. पुन्हा सोळा पावलं, पुन्हा वळली.

तिची नवी राखणदारीण म्हणजे पोपटांच्या विभागातून आलेली एक पन्नाशीची बाई. तिला सगळे पोपटवाली म्हणत. कामाला चोख होती. तज्ज्ञांच्या समितीने तिला एक छापील कागद दिला होता: अन्न रोज वेगळ्या जागी ठेवावे, म्हणजे प्राणी ते नैसर्गिकपणे शोधेल. तिने ठेवलं. खडकामागे गाजरं, झाडाखाली बटाटे, ओंडक्यावर मध.

आक्का प्रत्येक ठिकाणी गेली. हुंगलं. तोंड फिरवलं. वाजलं नव्हतं, म्हणजे ते तिचं नव्हतं.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. चौथ्या दिवशी समिती आली. पाचव्या दिवशी वर्तमानपत्र आलं. बाईंच्या बाजूने एक तरुण म्हणाला, "ती उपोषणाला बसली आहे! तिला हा अर्धवट न्याय मान्य नाही!" साहेबांच्या बाजूने कोणी म्हणालं, "तुमच्याच घोषणांनी ती घाबरलीय." कोणी पाण्याची तपासणी केली, कोणी गवताची. आक्काच्या बरगड्या आता मला इथूनही मोजता येत होत्या.

पोपटवाली साहेबांना म्हणाली, "मामांना फोन करू का? ऑफिसात त्यांच्या लेकीचा नंबर असेल."

"ते दुखण्यात आहेत," साहेब म्हणाले. "शिवाय समितीत पाच तज्ज्ञ आहेत. मामा काय वेगळं सांगणार?"

बाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "ज्याने तिला आयुष्यभर कोंडलं, त्याला काय विचारायचं?"

इतके दिवस भांडणाऱ्या त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि नेमकं त्याच गोष्टीवर.

मी तिथेच होते. दहा हातांवर. माझ्या पाठीच्या तळाशी ती ओळ होती, आणि माझी पाठ भिंतीला दाबली गेली होती. तोंडावर अजून ते दोन कागद होते, 'मला मोकळं करा' आणि 'मी इथे सुखी आहे'. आक्का भुकेने बसून गेली होती, आणि मी तिच्याकडे तोंड करून हे बोलत होते. मी पडावं असं मला वाटलं. नुसतं पुढे पडले असते तरी कोणी उचलताना मागे पाहिलं असतं. पण वारा आला नाही.

नवव्या दिवशी दुपारी रंगारी आला. आता म्हातारा झाला होता, चष्मा लावत होता. नव्या आवारासाठी त्याला पाटी करायची होती. त्याने मला हलवून बघितलं. "पाच थर आहेत रंगाचे. हे कोण खरवडणार? उलटी बाजू कोरी असेल, तिच्यावर लिहितो."

त्याने मला उलटं केलं आणि घासकागद घेतला. वरून सुरुवात केली. त्याचा हात चालू लागला तशी माझ्या पाठीवरची एकेक ओळ जाऊ लागली. सात टाक्यांचा दिवस गेला. टोपी गेली. आंघोळीचं नाटक गेलं. मला ओरडायचं होतं. मी फक्त कुरकुरले, आणि ते घासकागदाचं कुरकुरणं आहे असंच त्याला वाटलं असणार.

अर्ध्यापर्यंत आल्यावर तो थांबला. चष्मा पुसला. वाकला.

"हे काय? कोंबडीने पाय आपटलेत की कोणी लिहिलंय?"

पोपटवाली भांडी विसळत होती. "काय आहे?"

"अक्षर बघा ना! काना इकडे, मात्रा तिकडे." अक्षराच्या रागानेच तो वाचत राहिला. दुसऱ्या कोणी वाचलं नसतं. "कलिंगडाची साल काढून... हं. दाढ दुखली की रागावते. कोण रागावते? पुढे... नवीन जागी नेल्यावर आधी बादली वाजवा. दोनदा, थांबून एकदा. न वाजवता खात नाही. मीच शिकवलंय."

भांड्यांचा आवाज बंद झाला.

"पुन्हा वाचा," पोपटवाली म्हणाली.

त्याने वाचलं. तिने बादली उचलली आणि हाताने वाजवली. बादली प्लास्टिकची होती. धप, धप... धप. आक्काने मानसुद्धा हलवली नाही.

"अहो, लोखंडी हवी! मामाची जुनी बादली कुठेय?" रंगारी म्हणाला.

"ती भंगारात गेली. नव्या नियमात प्लास्टिकची आहे."

पोपटवालीने इकडेतिकडे पाहिलं. चुलीजवळचा लोखंडी डाव उचलला, मला एका हाताने उभं धरलं आणि माझ्यावर हाणला.

ठण्ण, ठण्ण... ठण्ण.

माझं सगळं अंग झणझणलं. रंगाचे कपचे उडाले. आणि मी पाहिलं, कारण तिने मला धरलं होतं तेव्हा माझं तोंड आवाराकडे होतं. आक्काने डोकं उचललं. ती उठली. पाय थरथरत होते. ती चालू लागली आणि सवयीने मी मोजू लागले. चौदा. पंधरा. सोळा. ती थांबली. आता वळणार, असं मला वाटलं.

तिने सतरावं पाऊल टाकलं.

मग अठरावं. ती थेट जाळीपाशी येऊन बसली, जसं ती सव्वीस वर्षं दाराशी बसत असे. पोपटवालीने बटाटा पुढे केला, आणि ती रडत रडत म्हणाली, "खा गं बायो, खा. सालं काढलीत."

दुसऱ्या दिवशी दोन पत्रकं निघाली. एकात लिहिलं होतं की मोकळ्या हवेत आक्काची भूक परत आली. दुसऱ्यात लिहिलं होतं की तज्ज्ञांच्या आहार-योजनेला यश आलं. बादलीचा उल्लेख दोन्हीत नव्हता.

रंगाऱ्याने आपलं काम पूर्ण केलं. उरलेल्या ओळी घासताना तो थोडा रेंगाळला, तळाची ओळ त्याने घासली नाही. पण रंग मात्र तिच्यावरून दिलाच, कारण हुकूम होता. हिरव्या रंगावर पांढऱ्या, सुरेख वळणाच्या अक्षरांत त्याने लिहिलं: 'शांतता राखा. आवाज करू नका.'

मग मला नव्या पायांवर उभं केलं. माझी पाठ आता लोकांकडे झाली आणि तोंड आक्काकडे. लोक माझी पाठ वाचत, आणि मी तिला बघत असे. रोज दोनदा पोपटवाली येई आणि लोखंडी डावाने माझ्यावर, 'आवाज करू नका' वर, तीन ठोके मारी.

एकदा काठी टेकत एक म्हातारा आला. पाठीने मला मिशा दिसल्या नाहीत, पण पुटपुटणं तेच. त्याने काठी माझ्यावर वाजवली. दोनदा, थांबून एकदा. जेवायची वेळ नव्हती, तरी आक्का झोपेतून उठून खंदकाच्या काठापर्यंत आली आणि नाक वर करून उभी राहिली.

पहारेकरी धावत आला. "ओ आजोबा! पाटी वाचता येत नाही का?"

"येते की," मामा म्हणाला. "मीच लिहिलीय. तुमचा रंग मध्ये आलाय."

पहारेकऱ्याने त्याला फाटकापर्यंत नेऊन सोडलं. आक्का तिथेच उभी होती. बराच वेळ.

ती त्यानंतर दोन हिवाळे जगली. शेवटी शेवटी बावीस पावलं चालत असे. मी मोजली आहेत. मग एका सकाळी ती डबक्याजवळ झोपली होती, आणि दुपारी तीन ठोके वाजले तरी उठली नाही. पोपटवालीने पुन्हा तीन ठोके मारले. मग पुन्हा.

आवार आता रिकामं आहे. कोणता प्राणी आणायचा, आणायचा की नाही, यावर समिती बसली आहे. लोक येतात. माझ्यापुढे उभे राहतात, वाचतात आणि एकदम कुजबुजत बोलू लागतात. "हळू. झोपलं असेल." अर्धा अर्धा तास रिकाम्या गवताकडे बघत शांत उभे राहतात. ती जिवंत होती तेव्हा मी तिला मेलेली ठरवलं, आणि ती गेल्यावर मी तिला झोपवून ठेवलं आहे. ती इथे नाही, एवढं एक वाक्य कोणी माझ्यावर लिहीत नाही.

म्हणून मित्रांनो, ही म्हातारी तुम्हांला हात जोडते, म्हणजे हात असते तर जोडले असते. प्राण्यांना मोकळं सोडावं की सांभाळावं, हे मोठी माणसं ठरवतील, आणि उद्या तुम्हीही ठरवाल. मला त्यातलं कळत नाही. पण कोणाविषयी काही ठरवायचं असेल, तर त्याला रोज जेवायला कोण घालतं ते आधी शोधा आणि त्याला विचारा. पाटी वाचा, जरूर वाचा. मग एकदा तिच्या मागेही जाऊन या.

आणि कधी इथे आलात, तर माझ्यावर बोटाने वाजवा. दोनदा, थांबून एकदा. पहारेकरी ओरडेल, माझ्यावर 'आवाज करू नका' लिहिलेलं आहे, तिकडे लक्ष देऊ नका. कोणी उठून येणार नाही, हे मला माहीत आहे.

तरी वाजवा. मी मोजत असते.